घरकर्जाच्या अर्जापूर्वीची तयारी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिंदे सरकारचा जो राखीव खजिना होता, त्यास 'गंगाजळी' म्हणत. जयाजीराव शिंदे १८८६ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव अवघ्या दहाव्या वर्षात होते. खजिन्याची खूण एका राजाने पुढच्यास तोंडीच सांगावयाची असा रिवाज होता आणि ती सांगण्यापूर्वीच वडिलांना मृत्यू आल्याने वारसास आपल्याच धनाचा शोध घ्यावा लागला, अशी कथा ग्वाल्हेरात आजही सांगितली जाते. कथेतील अलंकार बाजूस ठेवला, तरी तिच्यातील व्यवहार ध्यानी घेण्याजोगा आहे. ज्या धनाची नोंद नाही, ते धन गरजेच्या वेळी असून नसल्यासारखे असते. जयाजीरावांची सर्वच संपत्ती मात्र पुरलेली नव्हती. १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी ग्वाल्हेर दरबाराने ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. पुढे माधवरावांनी टाटांच्या पोलाद कारखान्याचे चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्याने घेतले. पुरलेला पैसा आणि लेखी व्यवहारात फिरणारा पैसा, असे दोन्ही प्रकार एकाच घराण्याने पाहिले.

याच माधवरावांच्या आश्रयाने १९१६ मध्ये ग्वाल्हेर संस्थानात कृष्णराम बलदेव बँक स्थापन झाली. तत्पूर्वी ती 'दुकान पिछाडी' या नावाची, खुद्द महाराजांच्या मालकीची एक लहानशी सावकारी पेढी होती. १९७५ मध्ये ही बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पेढीची बँक झाली म्हणजे केवळ पाटी बदलली असे नव्हे. सावकार माणूस ओळखत असे, त्याचा बाप व आजा ओळखत असे, आणि त्या ओळखीवर व्याजाचा दर व गहाणाची वस्तू ठरवीत असे. बँक कागद ओळखते. कागदावर जेवढे उत्पन्न, जेवढी बचत आणि जेवढा मालकी हक्क दिसतो, तेवढ्याच बेताने ती कर्ज देते. घरासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या अनेक प्रामाणिक कुटुंबांची जी निराशा होते, तिचे मूळ बहुधा येथेच असते. ऐपत घरात असते, पण ती कागदावर आलेली नसते. ती कागदावर आणण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून ही तयारी घर पसंत करण्यापूर्वी सुरू करावी लागते, पसंत केल्यावर नव्हे.

बँकेचा हिशेब आणि घराचा हिशेब

बँक किती कर्ज देईल, हा प्रश्न बहुतेक अर्जदार प्रथम विचारतात. वस्तुतः तो दुसरा प्रश्न आहे. कुटुंबास किती हप्ता पेलेल, हा पहिला. या दोन्हींची उत्तरे एक नसतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल.

समजा, ग्वाल्हेरच्या मुरार भागात भाड्याच्या घरात राहणारे एक माध्यमिक शिक्षक आहेत. वय बेचाळीस, हाती येणारे वेतन दरमहा ६२,००० रुपये. घरभाडे ९,००० रुपये, स्कूटरच्या कर्जाचा हप्ता २,८०० रुपये आणि पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ४,००० रुपये जातो. शेजाऱ्यांच्या भिशीत ते दरमहा ३,००० रुपये भरतात. सर्व कर्जांचे हप्ते मिळून निव्वळ वेतनाच्या निम्म्याच्या आत असावेत, असा ठोकताळा बँका सामान्यतः लावतात. त्यानुसार ३१,००० रुपयांतून चालू हप्त्यांचे ६,८०० रुपये वजा जाता २४,२०० रुपये उरतात. दर साल दर शेकडा साडेआठ व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीस एक लाख रुपयांमागे सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे बँक या गृहस्थांना जवळजवळ २८ लाख रुपये देण्यास तयार होईल. भिशी तिच्या हिशेबात नाही. आईच्या औषधांचा खर्चही नाही.

आता घराचा हिशेब. किराणा, दूध व भाजी मिळून १७,००० रुपये, मुलांचे शिक्षण ५,०००, वडीलधाऱ्यांची औषधे ४,०००, प्रवास ३,०००, वीज-पाणी-दूरध्वनी ३,५०० आणि विमा २,५०० रुपये. याखेरीज लग्नकार्ये, सणवार आणि पुण्या-नागपुराकडील नातलगांकडे होणारे जाणे-येणे वर्षाकाठी ४८,००० रुपये, म्हणजे दरमहा ४,०००. हा शेवटचा आकडा बहुतेक कुटुंबे हिशेबात धरीत नाहीत, कारण तो दरमहा जात नाही. एका मे महिन्यात जातो आणि वर्षभराची शिल्लक घेऊन जातो. एकूण ३९,००० रुपये झाले. नवीन घरात भाडे वाचेल. स्कूटरचे व पतसंस्थेचे कर्ज आधीच फेडले आणि भिशी थांबविली, तर २३,००० रुपये उरतील. त्यांतील ३,००० रुपये मालमत्ता कर, दुरुस्ती व अडीअडचणीसाठी राखून ठेवणे भाग आहे. पेलणारा हप्ता २०,००० रुपयांचा, आणि त्यास मिळणारे कर्ज २३ लाखांचे. बँकेच्या २८ लाखांत व घराच्या २३ लाखांत पाच लाखांचे अंतर आहे. बँकेचा आकडा कमाल मर्यादा दाखवितो. तो सल्ला समजून जे कुटुंब त्यावर घर पसंत करते, ते या पाच लाखांचा हप्ता पुढे औषधांतून वा मुलांच्या फीमधून भरते.

असा हिशेब एका बैठकीत मांडता येत नाही. किमान तीन महिने, शक्य तर सहा महिने, घरातील प्रत्येक खर्च साध्या वहीत लिहावा लागतो आणि तो घरातील सर्वांनी मिळून लिहावा लागतो. कुटुंबप्रमुख एकट्याने स्मरणावरून मांडलेल्या अंदाजपत्रकात स्वयंपाकघराचा खर्च कमी व स्वतःची काटकसर अधिक दिसते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

हप्त्याची रंगीत तालीम

हिशेब खरा की खोटा, हे पारखण्याचा एक सोपा मार्ग आहे. कर्ज मिळण्यापूर्वी एक वर्ष तो हप्ता स्वतःच्याच खात्यात भरावा. वरील उदाहरणात हप्ता २०,००० रुपयांचा असून भाडे ९,००० रुपये चालूच आहे. म्हणून उरलेले ११,००० रुपये वेतन जमा होताच दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेव खात्यात गेले पाहिजेत. भिशी बंद करून व स्कूटरचे कर्ज संपवूनही, पतसंस्थेचा हप्ता चालू असेतोवर या कुटुंबाच्या हाती १०,००० रुपयेच उरतात. ही हजार रुपयांची तूट नीट पाहण्यासारखी आहे. ती कोठून भरून काढावयाची, याचे उत्तर कुटुंबास या वर्षात सापडले तर उत्तम. सापडले नाही तर घर लहान घ्यावे, नाहीतर पतसंस्थेचे कर्ज फिटेपर्यंत थांबावे. हा निष्कर्ष कर्जाआधी निघाला तर त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही. कर्जानंतर तोच निष्कर्ष महाग पडतो.

या तालमीचा दुसराही लाभ आहे. वर्षअखेर १,३२,००० रुपये व त्यांवरील व्याज हाती येते, आणि खातेउताऱ्यावर दर महिन्याची नियमित जमा दिसते. जो अधिकारी कर्जप्रकरण तपासतो, त्याला ही बारा ओळींची नोंद कोणत्याही शिफारसपत्राहून अधिक सांगते. भिशीत भरलेले तेवढेच पैसे त्याला काहीही सांगत नाहीत. भिशीने अनेक घरांत पहिला शिलाई यंत्राचा वा पंख्याचा खर्च भागविला आहे, तिची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु घरकर्जाच्या दृष्टीने ती किल्ल्यातील पुरलेल्या गंगाजळीसारखी आहे.

जामीनकी आणि पतअहवाल

शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यात एकमेकांस जामीन राहण्याची जुनी रीत आहे. सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न असते, पतसंस्थेचा अर्ज समोर येतो आणि सही केली जाते. पुढे ती सही विस्मरणात जाते. पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीतून मात्र ती जात नाही. कर्जदाराइतकेच जामीनदाराचेही नाव त्या कर्जापुढे लागते, आणि सहकाऱ्याचे हप्ते थकले तर त्याचा डाग जामीनदाराच्या अहवालावरही उमटतो. घरकर्जाच्या वेळी 'आपण कधी कर्जच काढले नाही' असे खात्रीने सांगणाऱ्या अर्जदारापुढे जेव्हा दहा वर्षांपूर्वीची जामीनकी ठेवली जाते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

यास्तव अर्जापूर्वी किमान सहा महिने स्वतःचा पतअहवाल मागवून वाचणे अगत्याचे आहे. देशात अशा चार कंपन्या नोंदणीकृत आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये २०१७ पासून यांपैकी प्रत्येकीने प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. गुणांक ३०० ते ९०० यांमध्ये असतो. परंतु केवळ गुणांक पाहून अहवाल मिटवू नये, आतील नोंदी वाचाव्यात. नावाचे वा जन्मतारखेचे चुकीचे लेखन, फेडलेले कर्ज अद्याप चालू दिसणे, नामसाधर्म्याने दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे लागणे, या चुका दुर्मिळ नाहीत. तक्रार दिल्यावर ती तीस दिवसांत निकाली काढावी लागते आणि विलंब झाल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम २०२४ पासून अंमलात आहे. ज्यांनी एखादे कर्ज एकरकमी तडजोडीने कमी रक्कम भरून मिटविले, त्यांच्या अहवालात ते 'फेडले' असे न येता 'तडजोड' असे येते. बँकेच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. शेतकरी बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जामीनकी आधीच झालेली असल्यास संबंधित पतसंस्थेकडून त्या कर्जाच्या सद्यःस्थितीचे पत्र घ्यावे. शक्य असल्यास जामीनदार बदलून घ्यावा. संकोचाचा प्रश्न येतो हे खरे. तथापि हा संकोच अर्जाच्या वेळी अधिक जड जातो.

भविष्यनिर्वाह निधीचे खाते

मध्य प्रदेश शासनाच्या कर्मचाऱ्यांची भविष्यनिर्वाह निधीची खाती सांभाळणारे महालेखाकार कार्यालय ग्वाल्हेरातच आहे. राज्याची राजधानी १९५६ मध्ये भोपाळ झाली, पण हे कार्यालय ग्वाल्हेरात राहिले आणि त्याच्या आधाराने शहरात नोकरदारांची मोठी वस्ती टिकली. निधीच्या वार्षिक विवरणपत्राकडे कर्मचारी बहुधा निवृत्तीच्या सुमारासच नीट पाहतात. बदलीच्या वा प्रतिनियुक्तीच्या काळातील काही महिन्यांची कपात वेतनातून झालेली असते, परंतु खात्यात जमा दिसत नाही. अशा राहून गेलेल्या जमा शोधून लावून घेण्यास जुनी वेतनदेयके व कोषागाराचे प्रमाणक क्रमांक लागतात, आणि वेळही लागतो. ज्या निधीतून घराची आगाऊ रक्कम काढावयाची, त्याचे खाते अर्जापूर्वी वर्षभर तरी जुळवून ठेवले पाहिजे. महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे.

मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून व महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची कपात राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाते. तीतून घरासाठी काही अटींवर स्वतःच्या वर्गणीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच रक्कम काढता येते. वडिलांनी निधीतून घर बांधले म्हणून आपणही बांधू, असा हिशेब या पिढीने करू नये.

किमतीपलीकडचा खर्च

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंतचे ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत देता येते. घराची किंमत १० लाखांहून अधिक असल्यास मुद्रांकशुल्क व नोंदणी फी या किमतीत धरता येत नाही. म्हणजे हा संपूर्ण खर्च अर्जदाराच्या खिशातून जातो. मध्य प्रदेशातील शहरांत दोन्ही मिळून किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भरणा होतो. महाराष्ट्रात तो तुलनेने कमी आहे. स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास दोन्ही राज्यांत २०२१ पासून काही सवलत मिळते. त्या सवलतीपायी का होईना, अनेक गृहिणींचे नाव प्रथमच मालमत्तेस लागले, ही समाधानाची बाब होय.

पूर्वोक्त शिक्षकांनी २८ लाखांचे घर पाहिले व २३ लाखांचे कर्ज घेतले, तर स्वतःचे पाच लाख पुरतील असे त्यांना वाटेल. प्रत्यक्षात शुल्क व नोंदणीचे तीन लाखांच्या वर, वकील, मूल्यमापन व बँकेची प्रक्रिया फी मिळून अर्धा लाख, आणि विजेची जोडणी, पाण्याची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या व सामानाची हलवाहलव यांचा एक लाख, असे साडेनऊ ते दहा लाख लागतील. ते सर्व दिल्यानंतरही सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ता, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, हाताशी शिल्लक असले पाहिजेत. या राखीव रकमेसच खऱ्या अर्थाने गंगाजळी म्हणावे. घर मोठे घेण्यासाठी तिला हात लावणे धोक्याचे आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित ठरते. त्यानंतर २००२ च्या कायद्यान्वये साठ दिवसांची सूचना देऊन बँक न्यायालयात न जाताही तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. एखादे आजारपण वा थकलेले वेतन घरास या टप्प्यापर्यंत नेऊ शकते. सहा महिन्यांची शिल्लक त्याआधी वेळ मिळवून देते.

रोखीचा प्रश्नही येथेच येतो. किमतीचा काही भाग रोखीने, खरेदीखताबाहेर द्यावा, अशी मागणी विक्रेते अद्याप करतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. कायद्याचा भाग सोडला तरी अर्जदाराचे नुकसान स्पष्ट आहे. बँक खरेदीखतातील किमतीवर व स्वतःच्या मूल्यमापनावर कर्ज देते. पाच लाख खताबाहेर गेले की तेवढ्यावरील कर्जही गेले.

वाड्याचा वाटा व जागेचे कागद

दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. फौजेबरोबर आलेल्या मराठी सरदारांची, कारकुनांची व पुरोहितांची कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांच्या वाड्यांचे आज अनेक वारसांत विभाजन झालेले आहे, किंबहुना बहुतेक ठिकाणी ते झालेलेच नाही. चार भावांच्या आठ मुलांचा वाडा असतो, प्रत्येकजण आपापल्या खणात राहतो, आणि मालमत्ता कराचे देयक अजून आजोबांच्या नावे येते. अशा वाड्यातील आपला वाटा विकून नवे घर घ्यावे किंवा वाड्याचा भाग नव्याने बांधावा, असा विचार करणाऱ्यास बँक पहिला प्रश्न मालकीचा विचारते. घरकर्ज हे बहुधा मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून होणारे गहाण असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याची तरतूद आहे. मूळ दस्तच नसेल वा तो सर्वांच्या नावे सामायिक असेल, तर गहाण ठेवणार काय ?

अशा कुटुंबांनी आधी वारसांची संपूर्ण यादी करावी. मुलींची व परगावी गेलेल्या भावंडांची नावे गाळून केलेली यादी पुढे निरुपयोगी ठरते. त्यानंतर नोंदणीकृत वाटणीपत्र वा हक्कसोडपत्र करून नगरपालिकेच्या व महसुलाच्या दप्तरात नावे लावून घ्यावीत. संस्थानकाळातील जुने कागद मोडीत असल्यास जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर व प्रमाणित भाषांतर करून ठेवावे. जागा नझूल पट्ट्याची असल्यास पट्ट्याची मुदत व नूतनीकरण पाहावे. ती देवस्थानाकडे लागलेली वा माफीची असल्यास वकिलाच्या लेखी मताशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. ही कामे वर्ष-वर्ष चालतात आणि भावकीतील जुने रागलोभ जागे करतात. कर्जाची तयारी म्हणून त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही, पण ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे वा नागपूर, कोठेही जुन्या वाड्यातील कुटुंबाची खरी अडचण बहुधा हीच असते.

शहराच्या कडेने नवा भूखंड घेणाऱ्याने शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या अनधिकृत वसाहतींपासून दूर राहावे. महाराष्ट्रात ज्यास बिनशेती परवानगी म्हणतात, त्यास मध्य प्रदेशात 'डायव्हर्शन' हा शब्द रूढ आहे. सात-बाराच्या जागी तेथे खसरा व फेरफाराच्या जागी नामांतरण. शब्द बदलले तरी तपासावयाच्या गोष्टी त्याच आहेत. वसाहत भूसंपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे काय, हेही पाहावे.

शेतकऱ्याचे उत्पन्न

शेतकऱ्यास वेतनपत्रक नसते. ग्वाल्हेरच्या आसपास मोहरी व गहू निघतो, महाराष्ट्रात कापूस, सोयाबीन वा ऊस. पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो. बँकेपुढे हे उत्पन्न सिद्ध करण्यास बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, साखर कारखान्याची बिले व दूध संस्थेच्या पंधरवड्याच्या पावत्या उपयोगी पडतात. त्या कागदांपेक्षाही ती रक्कम बँक खात्यात जमा झालेली असणे अधिक मोलाचे आहे. व्यापाऱ्याकडून रोख घेऊन घरखर्चास वापरलेले उत्पन्न दोन वर्षांनी दाखविता येत नाही. पीककर्ज वेळेवर नवे-जुने करावे. हप्ता सुगीच्या काळास जुळवून मिळेल काय, हे अर्जापूर्वीच बँकेस विचारावे. काही बँका तसा देतात.

गावठाणातील घरास पूर्वी मालकीचा कागदच नसे, म्हणून ते तारणही होत नसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांचे मोजमाप करून मालमत्तापत्रके देण्यात येत आहेत. आपल्या गावाचे काम झाले असल्यास ग्रामपंचायतीत चौकशी करून पत्रक ताब्यात घ्यावे व त्यावरील नाव आणि क्षेत्र तपासावे. चुकीचे क्षेत्र तेव्हाच दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

व्याजदर आणि मुदत

बँकांची बदलत्या दराची घरकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदराशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली आहेत. आज ठरलेला हप्ता वीस वर्षे तोच राहील असे नाही. २३ लाखांच्या कर्जाचा दर साडेआठवरून साडेनऊ झाला तर हप्ता जवळजवळ दीड हजाराने वाढतो. हप्ता तोच ठेवला तर मुदत साडेपाच वर्षांहून अधिक लांबते. बेचाळिसाव्या वर्षी घेतलेले वीस वर्षांचे कर्ज बासष्टाव्या वर्षी फिटावयाचे, ते अशा वेळी निवृत्तिवेतनावर येऊन पडते. पेलणारा हप्ता ठरविताना एक टक्का वाढीची जागा ठेवावी, ती यासाठी.

मुदत वाढवून हप्ता हलका करण्याचा मोह टाळावा. साडेआठ टक्के दराने २५ लाखांवर पंधरा वर्षांत सुमारे १९ लाख, वीस वर्षांत २७ लाख आणि तीस वर्षांत ४४ लाख रुपये व्याज जाते, तर वीसऐवजी तीस वर्षे घेतल्याने हप्ता केवळ अडीच हजाराने उतरतो. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास बँकांना २०१२ पासून बंदी आहे. थकबाकी वेतन वा पिकाचा जास्तीचा पैसा आला, तर तो मुद्दलात भरता येतो.

शहरी भागात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या आणि कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात पक्के घर नसलेल्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेच्या १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास ते लागू होते. एकूण अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. ते एकदम हाती येणार असे धरून आगाऊ रकमेचा हिशेब मांडू नये.

सही करण्यापूर्वी

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जदारास मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. सर्व फी व आकार धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते. दोन-तीन बँकांची पत्रके समोरासमोर ठेवून तुलना करावी. जाहिरातीतील दरांची तुलना निरर्थक आहे. पत्रक अर्जदारास समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. ते न वाचता 'साहेब, कुठे सही करू ?' असे विचारणाऱ्यांत सुशिक्षितांचा भरणा कमी नसतो. कर्जासोबत विम्याची पॉलिसी घेण्यास सांगितल्यास तिचा हप्ता कर्जात मिळविला आहे काय आणि ती ऐच्छिक आहे काय, हे लेखी विचारावे.

मूळ दस्तऐवज बँकेकडे देताना प्रत्येक कागदाची तारीख, दस्त क्रमांक व पानांची संख्या नमूद केलेली यादी करून तीवर बँकेची पोच घ्यावी आणि सर्वांच्या साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत बँकेने हे कागद परत करावयाचे असून, तिच्या कारणाने विलंब झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावयाची आहे. कागदांची यादी कोणत्या कपाटात ठेवली आहे, हे कर्जदाराखेरीज घरातील आणखी दोघांना ठाऊक असावे.